आधीची जखम धरायची नाही

चार-पाच दिवसांपूर्वी गावातली पोरं कावडी घेऊन पुणतांब्याला गेली, आणि माझ्या डोक्यात ती घंटा पुन्हा वाजायला लागली. देवळातली नव्हे. एका जपानी कार्टूनमधल्या माणसाच्या पाठीवरची. कार्टून हा शब्द माझ्या मुलीला, ऋतुजाला, अजिबात चालत नाही. तो ऐकला की ती डोळे मिटून घेते आणि वर्गात मी ज्या सुरात 'पुन्हा एकदा वाच' म्हणते, त्याच सुरात मला सांगते, "आई, ॲनिमे." मी मान डोलावते. दोन्हींत फरक काय ते मला वर्षभर समजावून सांगितलं जातंय आणि मी वर्षभर समजल्यासारखं दाखवते आहे.

चैत्र लागला की आमच्या गावाचा वास बदलतो. कडुनिंबाच्या फुलांचा कडवट-गोड वास, चाळीत भरायला आणलेल्या कांद्याचा उग्र वास, आणि दुपारी कुठून तरी येणारा भुश्श्याचा, नाकात खाजवणारा. मी मूळची नगर शहरातली. आता पाट्यांवर अहिल्यानगर आहे, तोंडात अजून नगरच येतं. लग्न होऊन या कोल्हारजवळच्या गावात आले तेव्हा हे वास मला नकोसे वाटायचे. आता ते आले नाहीत तर चुकल्यासारखं वाटेल. त्यांच्या पाठोपाठ जत्रा येते. पोरं अनवाणी पुणतांब्याला जातात, गोदावरीचं पाणी तांब्याच्या कळशांत भरतात, कावड खांद्यावर घेतात आणि चालत परत येतात. गोदावरीला इकडं सगळे गंगाच म्हणतात. वाटेत कावड जमिनीला टेकवायची नाही, एकाचा खांदा दुखला की दुसऱ्यानं घ्यायची. त्या पाण्यानं भैरोबाला अंघोळ घालतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हगामा होतो. हगामा म्हणजे कुस्त्यांचं मैदान.

मी या गावात इतकी वर्षं राहिले, पण हगामा कधी पाहिला नव्हता. बायकांनी जायचं नाही असं कुणी सांगितलेलं नाही, पण कुणी जातही नव्हतं. आम्हाला तो ऐकू यायचा. हलगी वाजायची, मग ती एकदम चढायची, मग एक मोठा 'हूऽऽ' उठायचा आणि पुरणाच्या पोळीवरून नजर न उचलता माझ्या जाऊबाई म्हणायच्या, "लागला कुनाचा तरी निकाल." कुणाचा, ते पुरुष घरी आल्यावर कळायचं.

या हगाम्यात माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं काम जोडी लावण्याचं. इकडे त्याला जोड लावणं म्हणतात. कोण कुणाशी लढणार हे आधी ठरलेलं नसतं. गावोगावचे पैलवान येतात, लंगोट लावून उभे राहतात, आणि आबा त्यांच्यातून बरोबरीचे दोन निवडतात. मान बघतात, मनगट धरून बघतात, मग खांद्याच्या खोबणीत अंगठा दाबतात आणि विचारतात, "दुकतंय-खुपतंय कुटं?" पैलवान नाही म्हणतो. सगळेच नाही म्हणतात. मग दोघांचे हात धरून आबा त्यांना मैदानात गोल फिरवतात, म्हणजे लोकांनीही जोड पाहून घ्यावी. कुणाला ती असमान वाटली तर तो बसल्या जागेवरून बोलतो आणि मग वाद होतो. हा वाद फक्त मैदानातला नाही. तो महिनाभर आधी सुरू होतो, दूध घालायला गेलेली माणसं डेअरीवर घालतात, सलूनमध्ये अर्धी दाढी झालेला माणूस घालतो. राहुरीचा तो उंच पैलवान आणि आपला सागर लागले तर कोण? मी गणित शिकवते. मला हे सगळं फार खुळचटपणाचं वाटायचं. अहो, जोड लागली तर ते दोघं लढणारच आहेत ना, मग तेव्हा बघा की कोण जिंकतं. उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेलं असताना मधल्या पानांवर इतकी डोकेफोड कशाला?

सागर माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा. आमची घरं एकाच आवारात आहेत. तो पोलीस भरतीची तयारी करत होता, पहाटे रस्त्यावर पळायचा, संध्याकाळी तालमीत जायचा, आणि दोन्हींच्या मध्ये माझ्या स्वयंपाकघरात येऊन जे असेल ते संपवून जायचा. गेल्या वर्षी त्यानं कावड आणली. राहात्याच्या पुढं त्याच्या जोडीदाराचे पाय फोडांनी भरले, तेव्हा उरलेली वाट यानं एकट्यानं खांदा दिला. हे आम्हाला नंतर कळलं. घरी आला तेव्हा तो हसत होता आणि खांद्यावर टॉवेल होता.

दुसऱ्या दिवशी आबांनी त्याची जोड लावली. मी घरात पोळ्या करत होते. हलगी चढली, आणि मग 'हू' आलाच नाही. एकदम शांत झालं. थोड्या वेळानं पोरं सागरला मोटरसायकलवर मध्ये बसवून आमच्या दारात घेऊन आली, कारण दवाखान्यात न्यायला चारचाकी आमच्याकडेच होती. त्याचा उजवा हात विचित्र लोंबत होता आणि अंगाला आखाड्यातली तांबडी माती चिकटलेली होती, हळदीच्या आणि ताकाच्या वासाची. त्यांच्या मागून आबा चालत येत होते. त्यांची टोपी हातात होती. आबांना उघड्या डोक्यानं रस्त्यावर चालताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला सागरच्या हातापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

खांदा निखळला होता. डॉक्टरांनी बसवला, हात गळ्यात बांधला आणि वर्षभर कुस्तीचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं. भरतीची मैदानी चाचणी तोंडावर आलेली होती. ती गेली.

आता ज्याची आठवण मला इतकी गोंधळात टाकते तो उन्हाळा इथून सुरू होतो. सागरच्या घरी पत्र्याचं छप्पर आणि आई-वडील दिवसभर कांद्यात. म्हणून तो आमच्या पडवीतल्या दिवाणावर असायचा, कूलरसमोर. ऋतुजाची दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती, त्यामुळे तिला जगात काहीच काम नव्हतं. मी जेवणाच्या टेबलावर उत्तरपत्रिका तपासत बसायचे, दार उघडं, पडवी समोर. आणि पडवीच्या दुसऱ्या टोकाला आबांची बाज. ती बाज त्यांनी फिरवून घेतली होती. पूर्वी तोंड घराकडे असायचं, आता रस्त्याकडे. सागर त्यांच्या पाठीकडे बघायचा आणि मग पंख्याकडे. पहाटे त्याचे मित्र रस्त्यानं पळत जायचे, त्यांच्या बुटांचा आवाज यायचा, आणि आतल्या खोलीत पडल्या पडल्या मला कळायचं की पडवीत तोही जागा आहे.

आबा त्याच्याशी बोलत नव्हते. रागानं नव्हे, एवढं मला समजत होतं. पण मग कशानं, ते समजत नव्हतं. मी हे एकदा आमच्या ह्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "जोड चुकली ना त्यांची." जणू काही एवढ्यात सगळं आलं. कुस्ती खेळताना माणसाला लागतं, यात जोड लावणाऱ्याचं काय चुकलं, हे विचारायची माझी पुढं हिंमत झाली नाही. देवासमोर माफी मागितल्यासारखं आबा जेवताना ताटाकडे बघून बसायचे, आणि अर्धं ताट तसंच परत जायचं. जत्रा कमिटीची माणसं भेटायला आली तेव्हा त्यांनी सांगून टाकलं की आता नवा माणूस बघा.

अशा घरात एका सकाळी ऋतुजानं सागरला विचारलं की घंटावाला आणि कंदीलवाली लढले तर कोण जिंकेल.

त्यांची खरी नावं जपानी आहेत आणि माझ्या जिभेवर एकही टिकत नाही, म्हणून ही मी ठेवलेली नावं. घंटावाला हा एका मालिकेतला. तो पाठीवर भली मोठी काशाची घंटा घेऊन फिरतो, आणि ती वाजली की समोरच्याच्या अंगातली हालचाल संथ होते. कंदीलवाली दुसऱ्याच मालिकेतली. तिच्या हातात कंदील असतो, आणि कंदिलानं पडलेली तिची सावली उठून लढते. सागर घंटावाल्याच्या बाजूचा, ऋतुजा कंदीलवालीच्या. मी लाल पेन खाली ठेवून विचारलं, "पण ही दोघं एकमेकांना भेटतात कधी?"

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला स्वतःचीच कीव आली. ती कधीच भेटत नाहीत. भेटणं शक्यच नाही, जग वेगळं, काळ वेगळा, चितारणारी माणसं वेगळी. म्हणजे ही कुस्ती कधी झाली नाही, होणार नाही, आणि झाली तर काय होईल यावर माझी मुलगी आणि माझा पुतण्या सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत भांडत होते. हगाम्याच्या वादाला निदान शेवटचं पान तरी होतं. या पुस्तकाला ते पानच नव्हतं. मला काहीच समजेना, आणि कान काही तिकडून हटेनात. त्या दिवसांत तपासलेल्या उत्तरपत्रिकांत मी एका मुलाला चुकीच्या उत्तराचे पूर्ण गुण दिले आणि नंतर खोडाखोड करत बसले.

मजा म्हणजे त्यांच्या या नसलेल्या कुस्तीला नियम होते. जागा मोकळी धरायची. मध्ये माणसं नाहीत. दोघांनी जे शिकलं असेल ते सगळं वापरायचं. दोघं पूर्ण ताकदीत. आणि आधीची जखम धरायची नाही. हा शेवटचा नियम ऋतुजा वारंवार सांगायची. कंदीलवालीचा एक डोळा कुठल्याशा भागात अधू होतो, तो इथं धडधाकट मानायचा. घंटावाल्याच्या छातीत बाण लागलेला असतो, तो लागलाच नाही असं समजायचं. मला हा नियम ओळखीचा वाटला. आम्हीही गणित-विज्ञानात म्हणतो, घर्षण नाही असं मानू, दोरीला वजन नाही असं मानू. नाही मानलं तर उदाहरण सुटत नाही.

जाऊबाई मध्येच कांद्याच्या धुळीनं माखलेल्या हातांनी पाणी प्यायला यायच्या आणि दोन मिनिटं ऐकून मला आत येऊन हळूच विचारायच्या की ही कंदीलवाली कुठल्या गावची, सागरच्या मनात कुणी आहे का. मी सांगितलं, चित्रातली आहे. त्यांना वाटलं मी झाकतेय. पुढं बरेच दिवस त्या माझ्यावर नाराज होत्या.

पण त्यांचा मुलगा बोलायला लागला होता. डावा हात हवेत फिरवून घंटा कशी वाजते ते दाखवायला लागला होता. आणि बाज फिरायला लागली. मी ते पाहिलं, पण कुणाला बोलले नाही. आधी आबांनी उशी दुसऱ्या बाजूला घेतली. मग एके दिवशी ते उन्हाचं निमित्त करून बाजच पडवीच्या आत ओढून बसले. मग एकदा ऋतुजा ठासून काही सांगत असताना तिकडून आवाज आला, "वजन किती त्या घंटेचं?"

ऋतुजानं अंदाजे सांगितलं. आबा म्हणाले, शक्य नाही, एवढं पाठीवर घेतलं तर माणसाचा गुडघा जातो. ऋतुजा म्हणाली, आबा, तो साधा माणूस नाही. आबा म्हणाले, गुडघा तर आहे ना त्याला. झालं. त्या दिवसापासून वादात तिसरा माणूस आला. मोबाईल हाताच्या अंतरावर धरून, एक डोळा बारीक करून, कारण दुसऱ्यात मोतीबिंदू आहे, आबा त्या मारामाऱ्या बघायचे आणि त्यांचे आक्षेप संपायचे नाहीत. ही माणसं लढताना इतकी बोलतात का? उडी मारायच्या आधी पवित्रा का घेत नाहीत? सावली लढतेय तर घाम कुणाला येतो? ऋतुजा वैतागायची, पण दुपारी तीच त्यांना हाक मारायची. आबा मात्र ऋतुजाशी बोलायचे. सागर बोलला की उत्तरही ऋतुजाकडे बघून द्यायचे.

एका दुपारी सागर आणि ऋतुजा घंटावाल्याच्या एका जुन्या हारण्यावर आली. वारा पडलेला होता, कूलरमधलं पाणी संपून तो नुसताच घरघरत होता, आणि मी उठून त्यात पाणी घालावं की नाही या विचारात बसले होते. त्या मालिकेत म्हणे घंटावाला एका गावासाठी घंटा डोंगरापलीकडे पोचवतो, खाली उतरतो आणि लगेच एका किरकोळ सैनिकाकडून मार खातो. ऋतुजाचं म्हणणं, जो त्या किरकोळाकडून हरला तो माझ्या कंदीलवालीपुढं काय टिकणार? सागरचं म्हणणं, ते हारणं धरायचंच नाही. तो घंटा घेऊन डोंगर चढून आला होता. तुझाच नियम आहे, आधीची जखम धरायची नाही.

"आदली जखम धरायची न्हाई, आसं कुनी ठरीवलं?" आबा म्हणाले.

ऋतुजानं नेहमीसारखं समजावून सांगितलं की धरली तर तुलनाच करता येत नाही. आबांचं लक्ष नव्हतं. त्यांनी विचारलं, "घंटा उतरवून किती येळ झाला हुता त्याला? कुनी खांदा दाबून बगितला का त्याचा?"

"कोण बघणार, आबा? तिथं कुणी नव्हतंच."

"आसंल की कुनीतरी. लढाईला हुबा केला ना त्याला."

सागर पंख्याकडे बघत होता. तसंच बघत तो म्हणाला, "आबा, मीच सांगितलं न्हवतं. कावडीनं खांदा सुजला हुता. मी टावेल टाकून झाकला."

"तू सांगनारच न्हवता," आबा म्हणाले. "सांगत न्हाई कुनी. म्हनून तर आंगठा लावायचा आसतो. त्या दिवशी समद्यांना लावला. तुला न्हाई लावला. लोक म्हनले आसते, घरचा हाय म्हनून चाचपतोय, हलकी जोड देतोय. तेवढ्यासाठी न्हाई लावला."

मी लाल पेन धरून तशीच बसले. उठून आत जावं तर खुर्ची वाजेल, बसावं तर आपण हे ऐकायला नको होतं असं वाटत राहिलं. मला एकाएकी आबांचा फार राग आला आणि त्याच क्षणी त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं जाऊ नये म्हणून त्याला सगळ्यांइतकंही द्यायचं नाही, हा कसला न्याय? आणि तरी मला माहीत होतं की त्याच वर्षी ऋतुजा माझ्याच शाळेत दहावीला होती, आणि तिच्या सराव परीक्षेच्या पेपरात मी अर्धा-अर्धा गुण असा कापला होता जसा दुसऱ्या कुणाचा कापला नसता.

शेवटी ऋतुजाच बोलली. "मग आता लावा ना," ती म्हणाली.

आबा उठले. दिवाणापाशी आले. गळ्यातल्या पट्ट्याच्या वरून त्यांनी सागरच्या उजव्या खांद्याच्या खोबणीत अंगठा ठेवला आणि दाबला. सागरचे डोळे भरून आले ते मला टेबलावरून दिसलं.

"दुकतंय?"

"न्हाई," सागर म्हणाला.

आबांनी अंगठा काढून घेतला आणि बाजेवर जाऊन पडले. मी मात्र चक्रावून गेले. एवढं सगळं बोलून झाल्यावर, समोर घरच्यांखेरीज कुणी नसताना, हा मुलगा पुन्हा खोटं का बोलला? आणि आबांनी ते ऐकून का घेतलं? संध्याकाळी मी सागरला एकट्याला गाठून विचारलं. तो म्हणाला, "काकू, तसंच म्हनायचं असतं." मी ऋतुजाला विचारलं, तर ती म्हणाली की घंटावालाही तसंच म्हणतो. ही माहिती मला कशी उपयोगी पडावी ते तिलाच ठाऊक.

त्यानंतर आबा सागरशी बोलायला लागले. इकडचं-तिकडचं, म्हशीचं, पाण्याच्या पाळीचं. पण आखाड्याकडे ते गेले नाहीत. पाऊस आला, ऋतुजा अकरावीला कोल्हारला जायला लागली, दिवाण पडवीतून आत गेला. सागरचा पट्टा निघाला, व्यायाम सुरू झाला. घंटावाला आणि कंदीलवाली यांचा निकाल लागला नाही. मी एकदा सहज आबांना विचारलं की तुमच्या मते कोण. ते म्हणाले, "मास्तरीनबाई, दोगं समोर हुबी ऱ्हायल्याबिगर कसं सांगू?" म्हणजे महिनाभर जे चाललं होतं ते काय होतं? मी त्या उत्तरानं आणखीच गोंधळले.

आणि आता पुन्हा चैत्र. पोरं कावडी घेऊन गेली तेव्हा सागर गेला नाही, पण त्यानं जेवताना सांगितलं की यंदा हगाम्याला उतरणार. वर्ष झालंय, डॉक्टर जपून राहा म्हणाले आहेत, बंदी नाही. जाऊबाईंनी ताट सरकवलं. मी आबांकडे पाहिलं, तर ते भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तसाच धरून बसले होते. सागरचा खांदा पुरता बरा नव्हता. दुधाची बरणी उचलताना तो हात बदलतो हे मी पाहिलं होतं, आणि मी पाहिलं म्हणजे घरात सगळ्यांनीच पाहिलं असणार. पण भरती हुकलेल्या मुलाला गावासमोर एकदा उभं राहायचं होतं. त्याला नको कसं म्हणावं, आणि हो तरी कसं म्हणावं, दोन्ही मला जमलं नाही. जत्रेचे दिवस मी नुसती घरभर फिरत होते. नवा माणूस जोड लावणार होता. तो काही प्रत्येकाचा खांदा दाबत बसणाऱ्यांतला नाही, असं ह्यांच्या बोलण्यात आलं.

हगाम्याच्या दिवशी सकाळी आबांनी दाढी केली, टोपी घातली आणि कुणाला न सांगता निघाले. ते मैदानाकडेच गेले हे ऋतुजानं येऊन सांगितलं, आणि म्हणाली, आई, चल, आपण पण जाऊ. आता मुलींच्याही कुस्त्या होतात, बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून बघतात. मी जाऊबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तुमी जा, मला नाही बघवणार. त्या उंबऱ्याच्या आत पाठ टेकून बसल्या.

हलगी इतकी जवळून मी कधी ऐकली नव्हती. ती कानांत वाजत नाही, पोटात वाजते. लहान पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या चालू होत्या, जिंकणाऱ्याला रेवड्या, हरणाऱ्यालाही रेवड्या. मातीचा तो हळद-ताकाचा वास आला आणि मला गेल्या वर्षीची मोटरसायकल आठवली. नवा माणूस बाजूच्या खुर्चीवर बसला होता आणि मैदानात आबा उभे होते. त्यांनी स्वतःहून परत येतो म्हटलं, का लोकांनीच त्यांना ओढलं, ते मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.

सागर शर्ट काढून पुढं आला. समोर बाभळेश्वरकडचा एक भरलेला पैलवान. आबांनी दोघांच्या माना पाहिल्या, मनगटं धरली. आधी त्या पाहुण्या पैलवानाच्या खांद्यात अंगठा दाबला आणि विचारलं. तो नाही म्हणाला. मग आबा सागरपाशी आले. मी ट्रॉलीची कड धरली होती, ती उन्हानं तापलेली होती, हे मला नंतर तळवे बघून कळलं. आबांनी अंगठा ठेवला. खरं म्हणजे ते फार वेळ दाबत नव्हते, पण हलगीवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं हलगी थांबवली.

"दुकतंय कुटं?"

सागरनं आधी मातीकडे पाहिलं. मग म्हणाला, "दुकतंय, आबा."

ते आम्हाला ऐकू आलं नाही. पुढच्या माणसांनी ऐकलं, त्यांनी मागच्यांना सांगितलं, आणि ते असं सरकत सरकत ट्रॉलीपर्यंत पोचलं. कुणी शिट्टी मारली. कुणी हसलं. एक म्हातारा गृहस्थ मोठ्यानं म्हणाला, मग उतरला कशाला? आबांचा अंगठा तिथंच होता. दाबत नव्हता, नुसता ठेवलेला होता. मग ते वळून लोकांना म्हणाले, "ही जोड न्हाई." एवढंच. पाहुण्या पैलवानाला त्यांनी दुसरा जोडीदार दिला. सागरनं शर्ट घातला, बटणं वर-खाली लागली, आणि तो जायला निघाला तेव्हा आबांनी त्याचा दंड धरून त्याला आपल्या शेजारी उभं केलं. पुढचे पैलवान आले, तेव्हा अंगठा सागरनं लावला आणि विचारलंही त्यानंच. आबा फक्त माना बघत होते.

ऋतुजा माझ्या शेजारी रडत होती. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही. मग नाक पुसून म्हणाली की यावरून काही सिद्ध होत नाही, कंदीलवालीच जिंकेल. मी म्हटलं, बरं.

परत येताना मी मनाशी हिशेब मांडत होते आणि तो सुटत नव्हता. गावासमोर उभं राहायचं म्हणून हट्टानं उतरलेला मुलगा न लढताच शर्ट घालून बाजूला झाला. वर्षभर घरात बसलेल्या म्हाताऱ्यानं मैदानात येऊन नातवाची जोड मोडली. गेल्या वर्षी पडवीत घरच्यांखेरीज कुणी नसताना जो 'न्हाई' म्हणाला, तो अख्ख्या गावासमोर 'दुकतंय' कसा म्हणाला? यात कोण जिंकलं? कोण हरलं तरी कुठं? मी खूश होते हे मला माहीत होतं, पण कशानं, ते धड सांगता आलं नसतं.

आवारात शिरले तर जाऊबाई तशाच उंबऱ्याच्या आत बसलेल्या. हलगी थांबलेली त्यांना इथं ऐकू आली होती. गेल्या वर्षीही ती अशीच थांबली होती. त्यांनी बसूनच विचारलं, "जिकला का हारला?"

मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि जे माहीत होतं तेवढंच सांगितलं. "दुखतंय म्हणाला, बाई," मी म्हटलं. "आबांनी विचारलं आणि तो दुखतंय म्हणाला."

त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. रडताहेत की हसताहेत, मला कळेना. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून तशीच बसून राहिले.